ओट्याच्या उंचीचं बाक

खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने एकच गोष्ट विचारली. "आणि विळी?"

पनवेलच्या दवाखान्यातली ती शेवटची तपासणी होती. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं चांगली झाली होती आणि ती काठी न घेता चालत होती. डॉक्टर खुशीत होते. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, बाकी सगळं करा, म्हणाले. विळीचं ऐकून ते हसले. "आता सुरी घ्या हातात, ताई. सगळं जग सुरीनेच चिरतंय."

ती हसली नाही. परत येताना गाडी चौक गावाहून कर्जतच्या रस्त्याला लागली, तेव्हा बाहेर बघत म्हणाली, "मग पोरीच्या लग्नात मी कुठं बसायचं?"

पोर म्हणजे माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, गावच्या घरी. आमचं गाव लोधिवलीच्या पुढे, हायवे सोडून आत. आणि 'कुठं बसायचं' हे ती मांडवातल्या खुर्चीबद्दल विचारत नव्हती.

आमच्या भावकीत लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बायका भाजी चिरायला जमतात. आचारी बाहेरचा असतो, भांडी भाड्याची असतात, हल्ली वाढपीसुद्धा बाहेरून आणतात. पण भाजी भावकीच्या बायकांनीच चिरायची, एवढं अजून सुटलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप येतो, 'सकाळी विळ्या घेऊन या.' लग्नघरच्या बाईने विळ्या पुरवायच्या नसतात. जी ती आपली विळी घेऊन येते, कारण दुसरीच्या विळीवर हात बसत नाही. गर्दीत अदलाबदल होऊ नये म्हणून पाटाच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका लावलेला असतो. कुणाचा लाल, कुणाचा हिरवा. माझ्या बायकोचा मोरपंखी.

मग ओट्यावर ताडपत्री टाकून गोल करून बसायचं. नव्या सुनेला कांदा मिळतो. तिथून बटाटा, दुधी, वांगं करत करत बाई कोबीपर्यंत पोचते. कोबी बारीक आणि एकसारखा चिरावा लागतो, म्हणून तो मुरलेल्या हातांकडे जातो. हे कुणी बोलून ठरवत नाही. एखाद्या लग्नात कुणीतरी कोबीचा गड्डा तुमच्या पुढ्यात सरकवतं, आणि तिथून पुढे कोबी तुमचा. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा कांद्यावर बसून इतकी रडली होती की सगळ्यांना वाटलं, माहेर आठवतंय. आता कोबी तिचा आहे. कुणाची सोयरीक जुळतेय, कुणाचं फाटलंय, कुणाला दिवस गेलेत, ते सगळं आधी त्या गोलात कळतं. पुरुषांनाही कळतं, पण उशिरा आणि शिळं होऊन.

तर तिची ती जागा जाणार होती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. यंत्रावरच्या माणसाला वाकावं लागू नये, हात लांबवावा लागू नये, यासाठी जी छोटी साधनं लागतात ती बनवणं हे माझं काम. प्रेसवर दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांसाठी मी पाय टेकायची पट्टी केली, तिचं साहेबांनी कौतुक केलं होतं. पॅकिंगच्या टेबलांची उंची मी बदलून घेतली. आणि त्याच वर्षांत माझी बायको घरी फरशीवर बसून भाजी चिरत होती, भिंतीला हात लावून उठत होती, आणि मी डबा उचलून "येतो गं" म्हणत दाराबाहेर पडत होतो. ही टोचणी मला ऑपरेशनच्या आधीपासून आहे. माझा स्वभावच तसा. घरातला बल्ब उडाला तरी मला वाटतं, आपण आधी बघायला हवं होतं. ती म्हणते, "गावातल्या सगळ्या बायांचे गुडघे गेलेत. ते सगळ्यांचे तुमीच नेलेत काय?"

पण विळी वर आणणं हे मला जमण्यासारखं काम होतं. खाली बसता येत नाही, तर खालचं वर आणायचं. असल्या कामात मी कधी मागे हटलेलो नाही.

पहिला प्रयत्न अगदी कारखान्याच्या पद्धतीचा होता. बाजारातून स्टीलची नवी विळी आणली आणि जेवणाच्या टेबलाला शिकंज्याने आवळली. बायकोने लांबून बघितलं.

"ही कुणाची?"

"तुझीच की."

"माझी तिथं हाय," असं म्हणून तिने माळ्याकडे बोट दाखवलं.

तरी ती खुर्ची ओढून बसली. कोबीचा अर्धा गड्डा दोन्ही हातांत धरून तिने पात्याकडे नेला आणि लगेच मागे झाली. पात्याचं टोक तिच्या हनुवटीच्या समोर येत होतं. "नाकच कापायचंय काय माझं?" म्हणाली आणि उठून गेली.

मी शिकंजा सोडवला, माळ्यावरून तिची विळी काढली, पुसली, आणि तिला म्हणालो, "कॉटवर बस आणि मला नीट दाखव, तू खाली कशी बसायचीस ते." ती कॉटवर बसली, विळीचा पाट शेजारी ठेवून त्यावर मांडी टाकली, आणि हवेतच हात चालवून दाखवले. तेव्हा मला दिसलं. जमिनीवर बसल्यावर बाई आणि विळीचा पाट एकाच पातळीत असतात. म्हणून पातं मांडीच्या जरा वर येतं, कापणं पोटाजवळ होतं, खांदे खाली राहतात. आणि पाट हलत नाही, कारण बाईचा पाय त्याच्यावर असतो. तिचं वजन हाच शिकंजा. मी टेबल आणि खुर्ची अशा दोन उंच्या केल्या होत्या, तिथेच गाडं अडलं होतं. बसायची जागा आणि पाट एकाच पातळीत हवेत, एवढं एक जमलं की बाकीचं जमणार होतं.

आणि जमलं. मी एक बिनपाठीची लाकडी खुर्ची केली आणि तिच्या बैठकीला एक खाच ठेवली. तिच्या विळीचा पाट त्या खाचेत सरकवायचा, वर ती बसली की पाट तिच्या उजव्या मांडीखाली दाबला जायचा. पातं बैठकीच्या पुढे, गुडघ्याच्या बाजूला, जरासं आतल्या अंगाला वळलेलं. घरी तिने पहिल्यांदा त्यावर कोबी चिरला, तो पूर्वीसारखाच पडला, बारीक, पांढरा, एकसारखा. तिने एक चिमूट उचलून कच्चाच तोंडात टाकला.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी त्या खुर्चीला पाठ लावली. हात लावले. बैठकीवर फोमची गादी, वर रेक्झीन. खाली फिरती चाकं आणि चाकांना अडकण. बाटली ठेवायला कडं, पिशवी अडकवायला आकडा. रोज कारखान्यातून येताना मला काहीतरी नवीन सुचायचं आणि ते लावलं की रात्री झोप चांगली लागायची.

कर्जतला आमच्या आळीत गणपतीचा भंडारा असतो. तिथेही बायका अशाच विळ्या घेऊन जमतात. लग्नाच्या आधी तालीम होईल म्हणून मी खुर्ची ढकलत तिथे नेली. ताडपत्रीवर गोल बसलाच होता. बायको खुर्चीवर बसली, मी चाकं अडकवली आणि मोठ्या अभिमानाने बाजूला उभा राहिलो.

"आल्या बघा सरपंचबाई," एकजण म्हणाली.

"आता आमची हजेरी घे गं."

"अगं, चाकं पन हायत! दमलीस की सांग, ढकलत विसर्जनाला नेऊ."

सगळ्या हसल्या, बायकोही हसली. टोमण्यांचं तिला काही नसतं, ती स्वतः दोन जास्त मारते. पण थोड्या वेळाने मी बघितलं, तर तिने पाय मागे घेतले होते. तिच्या शेजारी आळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजी बसल्या होत्या आणि हिचे पाय त्यांच्या खांद्याशी येत होते. पुढ्यात चिरलेल्या बटाट्यांचा ढीग होता, तो बरोबर तिच्या तळव्यांखाली. अन्नावर पाय आणि थोरल्या माणसाच्या खांद्याशी पाय. म्हणून तिने दोन्ही पाय खुर्चीखाली दुमडून ठेवले होते, म्हणजे नव्या गुडघ्यांना जे करायचं नाही तेच करून बसली होती.

आजी म्हणाल्या, "राहू दे गं, सोड पाय." तिने सोडले नाहीत. खाली बोलणं चाललं होतं, ते ऐकायला तिला वाकावं लागत होतं. तिला दुधी द्यायला बायकांना हात वर करावा लागत होता. दोन दुधी चिरून झाल्यावर ती म्हणाली, "दुखायला लागलं." आम्ही घरी आलो. खुर्ची मी मागाहून आणली. रिकामी खुर्ची ढकलत आळीतून येताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी सुरुवात केली. "माझंच चुकलं. मी पायांचा विचारच केला नाही. खरं तर आधीपासूनच मी तुझ्याकडे..."

"थांबा," ती म्हणाली. "परत सुरू नका होऊ. तुमी माफी मागायला लागलात की मलाच तुमची समजूत काढावी लागते. गुडघे माझे नि समजूत तुमची."

मी खुर्ची भिंतीला लावली.

"ही खुर्ची तुमी माझ्यासाठी नाय बनवलीत. तुमाला बरं वाटावं म्हनून बनवलीत. गादी काय, चाकं काय, बाटली काय. मी मागितली होती काय गादी?"

"मग तुला काय पाहिजे?"

"मला बायांत बसायचंय." ती विळी पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "लग्नाला येईन मी. हळद लावीन, जेवीन. भाजीला नाय येनार. पाहुणीसारखी येईन नि जाईन. वहिनींना सांगा, कोबी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

वहिनी म्हणजे माझी भावजय, नवरीची आई. नवरीची सख्खी काकू लग्नघरी पाहुणीसारखी येणार, हे वाक्य मला नुसतं ऐकवतही नव्हतं, तर वहिनींना सांगणार कसा? मी सांगितलं नाही. पण तिनेच फोन करून सांगितलं.

मी खुर्चीची गादी सोडवली, पाठ, पाय, चाकं काढली, हात कापले. पुन्हा नुसती खाच असलेली फळी उरली. तेवढीच बरोबर होती. ती मी जपून ठेवली आणि त्यापुढे बरेच दिवस मला काही सुचलं नाही.

दिवाळीच्या आधी एका रविवारी भावाने मांडवाची मापं घ्यायला गावी बोलावलं. मी टेप घेऊन अंगणात होतो. घरापुढच्या ओट्यावर वहिनी आणि भावकीतल्या काही बायका लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. भाऊ मांडववाल्याला आणायला गेला होता, म्हणून मी नुसता बघत होतो. कारखान्यात सवयच लागलेली आहे, काम करणाऱ्या माणसाचे हातपाय बघायची. वहिनी पाणी आणायला उठल्या, तर दोन्ही तळवे जमिनीला, मग एक गुडघा, मग खांबाला हात, मग क्षणभर थांबून श्वास. दुसरी एक बाई उठायची वेळ येऊ नये म्हणून सूपच इकडून तिकडे सरकवत होती.

आणि आमची काकू उभी होती. काकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. घर शेजारीच, जीभ अशी की सबंध गाव वचकून असतं. ती येत होती, खांबाला टेकून दोन गोष्टी बोलत होती, "चुलीवर दूध हाय" म्हणून जात होती, पुन्हा येत होती. मला आठवलं, गेल्या काही लग्नांत काकू भाजीला बसलेली मी बघितलेली नव्हती. ती आचाऱ्याच्या मागे लागलेली असायची, नाहीतर ताटं मोजत असायची. सगळे म्हणायचे, काकूला कारभार आवडतो.

मी म्हणालो, "काकू, बस की जरा."

"बसले तर उठवायला तू येशील काय रं?"

ती गेली परत दुधाकडे. त्या घरी म्हैस कधीच विकलेली होती, एवढं दूध कुठलं?

कारखान्यात आम्ही म्हणतो, एखाद्या यंत्रावर माणसं टिकत नसली तर माणसांना विचारू नका, यंत्र बघा. इतकी वर्षं दुसऱ्यांना हे सांगत होतो. तो गोल माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या आधीपासूनच लहान होत होता. एक एक बाई ताटं मोजायला, चहा बघायला, दुधाला जात होती आणि परत येत नव्हती. मी मात्र एकट्या बायकोसाठी सिंहासन करत बसलो होतो.

तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आल्या, परत खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "भावोजी, बसा की तुमी तरी." अंगणात फोडायला आणलेला एक ओंडका पडला होता. तो ओट्याजवळ ओढून मी बसलो. वहिनी हिच्या तब्येतीचं विचारायला लागल्या, कोबीचं बोलायला लागल्या. "ती नाय तर मला करमनार नाय बघा." मी काहीतरी उत्तर देत होतो आणि मध्येच थांबलो. वहिनी ओट्यावर जमिनीला बसल्या होत्या. मी अंगणात पाय सोडून ओंडक्यावर बसलो होतो. आणि आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत सरळ बघत होतो. माझे पाय खाली अंगणात, ओट्याच्या भिंतीच्या आड. कुणाच्या खांद्याशी नाहीत, तांदळाजवळ नाहीत.

मी टेप काढून ओट्याची उंची मोजली. मग ओंडक्याची. वहिनींना वाटलं, मांडवाचंच काहीतरी आहे.

बाक मी साधं केलं. सागाची लांब जाड फळी, चार जणी ऐसपैस बसतील एवढी. पाठ नाही, हात नाहीत, गादी नाही. फळीत ठरावीक अंतरावर खाचा, कुणाचीही विळी सरकवून वर बसता येईल अशा. विळ्यांचे पाट सारखे नसतात, म्हणून प्रत्येक खाचेला एक लाकडी पाचर, सैल वाटलं तर ठोकायला. बाक अंगणात, ओट्याला समांतर ठेवायचं. मध्ये गुडघे मावतील एवढी फट, तिच्याखाली साली पडायला टोपल्या. बाकाची उंची ओट्याइतकी. जिला खाली बसता येतं तिने ओट्यावर बसावं, जिला येत नाही तिने बाकावर. चिरलेली भाजी ओट्याच्या कडेला परातीत, दोघींच्या मध्ये. सगळ्यांची बैठक एका पातळीत.

बायकोला मी एवढंच म्हणालो, "एकदा बसून बघ. नाही पटलं तर पाहुणी हो."

तिने फळीवरून हात फिरवला. "गादी कुठाय?"

"नाही केली."

"बरं केलंत," म्हणाली आणि विळी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही टेंपोतून बाक घेऊन गावी पोचलो. उन्हं नुकतीच माथेरानच्या डोंगरावरून खाली यायला लागली होती. भाऊ टेंपोमागे आला, बाकाच्या खाचा बघितल्या आणि म्हणाला, "ही काय गव्हाण आनलीस रं? गुरं कुठायत?"

वहिनी आतून म्हणाल्या, "येतीलच आता, विळ्या घेऊन."

मी बाक ठेवलं, टोपल्या लावल्या. बायका आल्या, ओट्यावर नेहमीसारख्या बसल्या. बायको बाकावर बसली. विळी सरकवली, पाचर ठोकली. चार जणींचं बाक आणि ती एकटी. कोबीचे गड्डे ओट्यावर दुसऱ्या जावेच्या पुढ्यात गेले होते, कारण हिनेच तसं सांगितलं होतं. हिच्यासमोर कुणीतरी बटाटे ठेवले. कुणी टोमणा मारला नाही, आणि तेच मला बरं वाटेना. आळीतल्या बायका निदान हसल्या तरी होत्या. मी मांडवाच्या खांबामागे उभा होतो आणि मला वाटत होतं, पुन्हा तेच. पुन्हा मी हिला सगळ्यांसमोर एकटीला बसवलं.

काकू आली. हातात ताटांची चवड. तिने बाक बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चवड खाली ठेवून निघून गेली, तिच्या घरात. मला वाटलं, गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या काखेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली विळी होती. पाटाच्या टोकाला हिरवा ठिपका, अगदी ताजा दिसणारा.

"सरक गं जरा. एवढं लांब बाक काय झोपायला आनलंय?"

बायको सरकली. काकू बाकाला धरून वळली आणि सावकाश टेकली. विळी खाचेत घातली, हलवून बघितली, पाचर मारली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना काय नाय झालं हां. इथं वारा बरा लागतोय."

ओट्यावर जो हशा पिकला तो मांडववाल्यांपर्यंत गेला. "काकू, दूध उतू जाईल की!" कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या तोंडात घाल ते दूध," काकू म्हणाली. "कांदा कुठाय? नवीन सूनबाई, इकडं आन तो कांदा. तू रडून काजळ घालवशील, उद्या फोटो हायत."

सगळ्यांत थोरली बाई आपण होऊन कांद्याला बसली, हे आमच्याकडे कधी झालेलं नव्हतं. त्यानंतर वहिनी हात पुसत आल्या, म्हणाल्या, "मी पन बसते जरा, सकाळपासून उभी हाय," आणि बसल्या. मग ती सूप सरकवणारी बाई ओट्यावरून उतरून आली. बाक भरलं. एक तरणी सून म्हणाली, "आमाला पन द्या की जागा गव्हाणीवर." काकू म्हणाली, "तुझे गुडघे अजून माहेरचे हायत. वर बस."

बोलणं सुरू झालं. नवरदेवाच्या मामाचं, त्याच्या मिशीचं, कुणाच्या तरी विहिणीने आहेराला आणलेल्या साडीचं. ओट्यावरून बाकावर, बाकावरून ओट्यावर. बायको मान न वाकवता बोलत होती. मध्येच त्या दुसऱ्या जावेने काही न बोलता एक गड्डा उचलला आणि ओट्याच्या कडेवरून हिच्या पुढ्यात सरकवला. मग दुसरा. हिनेही समोरचे बटाटे तिच्याकडे ढकलले.

मी खांबामागून बाहेर आलो होतो हे मला कळलंच नाही. चौघींच्या वजनाने बाकाचा एक पाय अंगणात थोडा खचून डुगडुगत होता. मी पाना काढून खाली वाकायला लागलो.

"काय हवंय?" बायकोने विचारलं.

"पाय जरा..."

तिने टोपलीतली नारळाची करवंटी उचलली आणि मला दिली. मी ती पायाखाली सारली. डुगडुगणं थांबलं. तरी मी तिथेच उभा होतो.

"अहो, जा आता. बायांत काय काम तुमचं?"

मी गेलो. मांडवाच्या पलीकडे भावाजवळ बसलो. तिकडून काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, पण तिचा हसण्याचा आवाज मला वेगळा ओळखू येतो आणि तो दुपारपर्यंत येत होता. त्या दिवशी मला कुणाची माफी मागावीशी वाटली नाही. मला भूक लागली होती. दुसऱ्या दिवशी पंगतीत मी कोबीची भाजी दोनदा मागून घेतली.

बाक कर्जतला परत आलं नाही. भाऊ म्हणाला, राहू दे इथेच. ते आता गावच्या घराच्या पडवीत उभं करून ठेवलेलं असतं आणि गावात सगळे त्याला गव्हाणच म्हणतात. विळी मात्र बायकोने आणली, धुतली आणि माळ्यावर न ठेवता जेवणाच्या टेबलाखाली ठेवली. घरच्या वापराला ती खाचेची जुनी फळी मी कॉटच्या कडेला बसवून दिली आहे.

परवा काकूचा फोन आला. माझ्या फोनवर आला, पण बोलायचं होतं हिच्याशी. मी स्पीकर लावला. वरच्या आळीत लग्न आहे, चैत्रातलं, आणि त्यांच्या घराचा ओटा आमच्यापेक्षा उंच आहे. गव्हाण तिथे बुटकी पडते.

"तुझ्या मालकाला सांग," काकू म्हणाली, "पाय वरखाली होनारे कर म्हनावं. परत्येक घराचा ओटा काय तुमच्या घरासारखा असनार हाय काय? एवढं शिकलेला मानूस, एका ओट्याचं माप घेऊन बसला."

खरं होतं. पायांना भोकं पाडून खुंट्या घालता येतील, हे माझ्या डोक्यात तिथल्या तिथे आलं. मी म्हणालो, "रविवारी जाऊन सगळ्या घरांचे ओटे मोजून येतो."

"तुमी नको," बायको म्हणाली. "तुमी मोजायला गेलात तर बाया चहा करायला उठतील नि कुठं बसतात ते दाखवनारच नाय. मी मोजते. तुमी टेपचं दुसरं टोक धरा."

काकू फोनवरून म्हणाली, "नि येताना विळी घेऊन या. माझ्याकडे भोपळा हाय."